खोल खडपावर गरवण्याचा संच: ठाण्यात घेतला, देवगडला वापरला

गेल्या नोव्हेंबरात ठाणे पूर्वेच्या एका जुन्या दुकानातून मी खोल खडपावर, म्हणजे समुद्रतळाच्या खडकाळ भागावर, गरवण्यासाठी (गळाने मासे धरण्यासाठी) लागणारा पूर्ण संच बांधून घेतला आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत देवगडच्या समुद्रात तो चार वेळा वापरला. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रार नोंदवायची आहे आणि मालकांनी ती विनातक्रार दूरही केली आहे. असा संच गळ-दोरी विकणाऱ्या कुठल्याही जाणत्या दुकानात बांधून मिळू शकतो. तेव्हा काय मागून घ्यावे आणि पैसे देण्यापूर्वी काय तपासावे, यासाठी या परीक्षणाचा उपयोग व्हावा.

आपल्याकडे ठाणे, ऐरोली, वाशी या बाजूला गरवणाऱ्यांचा हात खाडीवर बसलेला असतो. खाडीचा तळ चिखलाचा, पाणी उथळ, शिसे हलके, आणि गळ अडकलाच तर तो बहुधा तिवराच्या मुळात किंवा जुन्या जाळ्याच्या तुकड्यात. खडपावरचे काम निराळे आहे. गोब्रा, हेकरू, तांब हे मासे कपारीला धरून राहतात, त्यामुळे दोरी बुडवणारे शिसे तळाला टेकल्याशिवाय आमिष त्यांच्या तोंडापुढे जात नाही, आणि शिसे टेकले की ते दगडात रुतण्याची धास्ती त्याच क्षणी सुरू होते. खडपासाठी घेतलेल्या कोणत्याही सामानाची परीक्षा इथेच होते.

मी काय हवे ते सांगितल्यावर मालकांनी आधी विचारले, "कुठल्या तिथीला जाणार?" अष्टमी सांगितल्यावर त्यांनी ३०० ग्रॅमची शिशाची वजने काढून दिली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ इतकी असते की दुप्पट वजनही दोरी सरळ ठेवू शकत नाही. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, मात्र होडी फार वाहत नाही आणि हलक्या शिशानेही तळ समजतो. वजन तिथीवरून ठरवणारा दुकानदार मला ठाण्यात पहिल्यांदाच भेटला, आणि त्याच वेळी माझा निम्मा निर्णय झाला होता.

संचात सहा फुटी आखूड रॉड, आडवे रीळ, ३०० मीटर विणीची दोरी, गळाजवळचा जाड नायलॉनचा शेवटचा पल्ला, वर्तुळाकार गळ आणि फिरत्या कड्या होत्या. विणीची दोरी ताणली तरी वाढत नाही, म्हणून २० वाव पाण्यातला शिशाचा स्पर्शही हाताला स्पष्ट कळतो. साधे नायलॉन एवढ्या खोलीवर रबरासारखे वागते. दोरीचा रंग दर १० मीटरला बदलतो. चौथा रंग अर्धा सुटला आणि 'टक' असे हाताला लागले, तेव्हा होडीच्या तांडेलाने सांगितलेले २० वाव, म्हणजे सुमारे ३६ मीटर, बरोबर जुळले. रॉड आणि रीळ चांगले आहेत, त्याहून अधिक त्यांच्याविषयी लिहावे असे काही नाही.

या संचातली सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत स्वस्त आहे: शिसे बांधायचा वीतभर कच्चा दोरा. दोन्ही गळ शिशाच्या वर, आखूड फांद्यांवर असतात आणि शिसे मुख्य दोरीपेक्षा बऱ्याच कमी ताकदीच्या नायलॉनने खाली लोंबते. शिसे कपारीत अडकले की सरळ ओढायचे. कच्चा दोरा तुटतो आणि गळ, पल्ला, असलाच तर मासाही वर येतो. मालक म्हणाले होते, "खडपात गरवायचं तर शिसं जाणारच, भाऊ. पण एकटं शिसंच जाऊ दे." चार फेऱ्यांत माझी अकरा शिशी गेली आणि मुख्य दोरी एकदाही तुटली नाही. पूर्वी अशा अडकण्यात मी दहा-दहा मीटर दोरी समुद्रात सोडून आलो आहे, आणि दगडाला गुंडाळलेली ती दोरी वर्षानुवर्षे कुजत नाही हे ठाऊक असल्याने त्याची खंत आजही आहे.

अर्थात अकरा शिशीही थोडी नव्हेत. शिसे विषारी आहे आणि ते तळाशी सोडून येणे मला पटत नाही, असे पुढच्या वेळी दुकानात बोललो तेव्हा मालकांनी लोखंडी सळईचे तुकडे दाखवले. २० मिमी सळईचा १२ सेंटिमीटरचा तुकडा जवळपास ३०० ग्रॅम भरतो. लोखंड शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाचा तुकडा आकाराने मोठा होतो आणि प्रवाहात थोडा अधिक वाहतो, परंतु भांगाच्या पाण्यात मला त्याचा त्रास झाला नाही. आता मी सळईच वापरतो.

तक्रार दोरी भरण्याविषयी आहे. पहिल्या फेरीत आमिष म्हणून लावलेल्या माकुलाच्या पट्टीला जोरदार ओढ लागली, मी रीळ फिरवू लागलो, मूठ फिरत होती, रिळाचा गाडाही फिरत होता आणि दोरी मात्र जागच्या जागी. विणीची दोरी गुळगुळीत असते; ती थेट धातूवर गुंडाळली तर सगळा गठ्ठाच गाड्यावर घसरतो. खाली नायलॉनचे काही वेढे द्यायला हवे होते आणि वरची दोरी ताण देऊन भरायला हवी होती. दुकानातल्या मुलाने दोन्ही केले नव्हते. तळापासूनचे पहिले तीन-चार मीटर आपण लगेच ओढून घेतले नाहीत तर गोब्रा कपारीत शिरतो, कल्ले फुगवून तिथे घट्ट बसतो, आणि त्या दिवशी तेच झाले. तांडेलाने दोरी सैल सोडून पाच मिनिटे थांबायला सांगितले, कारण ओढ थांबली की कधीकधी मासा आपणहून बाहेर येतो. हा आला नाही. ठाण्यात परतल्यावर मालकांनी पूर्ण दोरी उतरवून, नायलॉनचे अस्तर देऊन, माझ्यासमोर फडक्यात दोरी घट्ट धरून पुन्हा भरली आणि एक पैसा घेतला नाही. तरीही खरेदी करणाऱ्याने दुकानातच दोरीचे टोक खांबाला बांधून रीळ जोरात ओढून पाहावे, असा माझा आग्रह राहील.

वर्तुळाकार गळाविषयी एक सूचना. खाडीतली हिसका देण्याची सवय इथे सोडावी लागते, कारण हिसका दिला की हा गळ तोंडातून निसटतो. ओढ लागल्यावर शांतपणे रीळ गुंडाळत राहावे. गळ आपणच वळून जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. पोटात गळ गेलेला मासा चार फेऱ्यांत मला एकच मिळाला, आणि मासा जिवंत सोडायचा असेल तर हे फार महत्त्वाचे आहे.

सोडण्याचा प्रश्न खडपावर वरवर दिसतो त्याहून अवघड आहे. ३६ मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या साडेचारपटींहून अधिक असतो, त्यामुळे मासा वेगाने वर आला की त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्यातली हवा तितक्याच पटीने फुगते, डोळे बाहेर येतात, तोंडातून गुलाबी पिशवी लोंबू लागते. वीतभर हेकरू असा पाण्यात टाकला तर तो उताणा तरंगतो आणि घारी-समुद्रपक्षी त्याला उचलतात. ती गुलाबी पिशवी म्हणजे फुगा समजून कित्येक जण सुईने टोचतात. ते माशाचे जठर असते. मालकांनी संचात न मागता घातलेली वस्तू यासाठीच होती: काटा कानशीने घासून काढलेला एक मोठा गळ, त्याच्या नाकाला अर्ध्या किलोचे वजन, आणि दोरी गळाच्या वळणावर बांधलेली. माशाच्या खालच्या ओठात तो अडकवून वजनाबरोबर तळाकडे सोडायचा आणि खोलीवर पोचल्यावर एक झटका द्यायचा, की गळ सुटतो. तिसऱ्या फेरीत पाच लहान हेकरू मी असे परत पाठवले. त्यातला एक मी वर येताना नीट पाहिला होता, डोळ्यांवर हवेचे बुडबुडे साचलेले. दोरी सुटली तेव्हा तो पुन्हा वर तरंगला नाही, बाकीचे चारही तरंगले नाहीत.

हेकरू आणि गोब्रा सावकाश वाढतात आणि त्यांच्या बऱ्याच जाती आधी मादी असतात व मोठ्या झाल्यावर नर होतात. लहान मारले तर अंडी देण्यापूर्वीच जातात, मोठे सगळे मारले तर नर उरत नाहीत. म्हणून मी फेरीला दोन मासे ठेवतो आणि मध्यम आकाराचेच ठेवतो. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या तशाही किनाऱ्याला असतात, तेव्हा रीळ उघडून गोड्या पाण्याने धुऊन, तेल देऊन ठेवले आहे.

संचाला मला ६,४०० रुपये पडले, सळईचे तुकडे वेगळे. नव्याने घेणाऱ्याने फिरत्या कड्या दुप्पट घ्याव्यात, कच्च्या दोऱ्याचे एक जादा रीळ मागून घ्यावे आणि मासे तळाकडे परत सोडायचा तो उलटा गळ विसरू नये. दुकानात तो मांडून ठेवलेला नसतो, मालकांना सांगावे लागते.