शाश्वत विकास ध्येये: राज्याचा निर्देशांक की पंचायतीचा आराखडा?

संयुक्त राष्ट्रांची १७ ध्येये, १६९ लक्ष्ये, मुदत २०३०. गोव्यात ती मोजायची कुठून?

नीती आयोगाचा निर्देशांक २०१८ पासून राज्यांना ० ते १०० गुण देतो. कोणते खाते मागे आहे, हे पर्वरीच्या सचिवालयात बसून पाहायला तो उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणारा वाडा सरासरीत दिसत नाही. शिवाय सागरी जीवनाचे ध्येय १४ नऊ किनारी राज्यांपुरतेच, म्हणून २०२०-२१ च्या निर्देशांकात ते एकूण गुणांत धरलेच नाही. मासळीवर जगणाऱ्या गोव्याने यावर काय म्हणावे!

पंचायत विकास आराखडा खालून वर जातो. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने १७ ध्येये ज्यांत गुंफली त्या नऊ संकल्पनांतून गावाची निकड निवडायची, वाड्यागणिक तूट नोंदवायची, ग्रामसभेत ठराव घ्यायचा, मग आराखडा केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा. घोडे अडते ते नोंदीपाशी. ती टाळून थेट मागण्या घेतल्या की आराखडा गटारे आणि संरक्षक भिंतींनी भरतो. नुसते ‘पाणी द्या’ लिहून भागत नाही. किती घरे, कोणते महिने, नळ किती तास, हे हवे.

गावाने आराखडाच धरावा. निर्देशांकातला कमी गुण खात्याकडे निधी मागताना अर्जाला जोडायला कामी येतो.