डीटी-८३०डी मल्टिमीटर: जुना लॅपटॉप चालू होत नसेल तर आधी हा घ्या

मल्टिमीटर म्हणजे व्होल्टेज वगैरे मोजायचं छोटं यंत्र, तो पिवळा मीटर तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेलच, मधे मोठा गोल नॉब, वर छोटा डिस्प्ले, सोबत एक लाल आणि एक काळी वायर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधारण दोनशे-अडीचशेला मिळून जातो, ऑनलाइन पण मिळतो. डीटी-८३०डी हे एका कंपनीचं मॉडेल नाहीये, वेगवेगळ्या नावांनी तोच मीटर येतो त्यामुळे क्वालिटी थोडी इकडेतिकडे होते. मी तो लॅपटॉपसाठीच वापरतो आणि त्याच कामापुरता हा रिव्ह्यू लिहितोय, कारण जुना लॅपटॉप बंद पडला की लोक सरळ दुकानात नेतात आणि तिथे पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते म्हणजे मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेलाय.

आमच्या मामांचंही तेच झालं. काढता येणाऱ्या बॅटरीवाला जुना लॅपटॉप, सोसायटीचे सगळे हिशेब त्यात, आणि एके दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही, लाइट नाही, फॅन नाही. मामांचा फोन आला, "अरे मदरबोर्ड गेला म्हणतायत, पाच-सहा हजार सांगितलेत, नवीनच घेऊ का?" म्हटलं मामा थांबा, काही घेऊ नका, मी मीटर घेऊन येतो.

बॅटरी काढली, चार्जर काढला, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरलं म्हणजे आत राहिलेला चार्ज निघून जातो, पुष्कळ जुने लॅपटॉप एवढ्यावरच उठतात, हा नाही उठला. अंधारात स्क्रीनवर टॉर्च मारून पण बघावं, पुसट चित्र दिसलं तर लॅपटॉप चालू आहे आणि फक्त बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, गेलाय, पण इथे तेही नव्हतं. मग मीटर काढला. चार्जरवरचा हिरवा लाइट लागत होता आणि त्यावरूनच सगळे म्हणत होते की चार्जर ठीक आहे. पिनेवर मोजलं तर वायर सरळ असताना १९.५ व्होल्ट, आणि पिनेच्या मुळाशी वायर जरा वाकवली की शून्य. रबराच्या आत तार तुटलेली होती! नवीन चार्जर आणला, लॅपटॉप सुरू झाला, हिशेब जसेच्या तसे. मदरबोर्डला काहीही झालं नव्हतं. ज्या माणसाकडे साधा मीटर आहे आणि तरी तो चार्जर न मोजता पाच-सहा हजारांचा आकडा सांगतो त्याचा मला खरंच राग येतो, कारण समोर बसलेल्या पेन्शनवाल्या माणसाला तो आकडा तपासायचा कसा हेच माहीत नसतं.

आता वापरायचं कसं ते सांगतो. काळी वायर कॉम लिहिलेल्या भोकात, लाल वायर मधल्या भोकात. १० अँपिअरच्या भोकात लाल वायर ठेवून व्होल्टेज मोजायला जाऊ नका, तो सरळ शॉर्ट होतो आणि या स्वस्त मीटरमधे त्या बाजूला सहसा फ्यूज पण नसतो. नॉब डीसी व्होल्टच्या २० वर (चार्जरच्या पिनेतून डीसीच येतो). एसर, असूसचे चार्जर बहुतेक १९ व्होल्टचे, डेलचे १९.५, एचपीचे १८.५ किंवा १९.५, हे सगळं २० च्या रेंजमधे बसतं. पण लेनोवोचा चार्जर बहुतेक २० व्होल्टचा असतो आणि हा मीटर त्या रेंजमधे १९.९९ पर्यंतच दाखवतो, त्याच्या वर गेलं की डाव्या कडेला नुसता १ येतो आणि नवीन माणसाला वाटतं चार्जरच बिघडला. तेव्हा नॉब २०० वर न्या, लगेच बरोबर आकडा दिसेल. डेल आणि एचपीच्या जाड गोल पिनेत मधे जी बारीक सुई असते ती चार्जर ओळखायला असते, प्लस त्या नळीच्या आतल्या भिंतीवर असतो आणि मायनस बाहेरून, म्हणून लाल प्रोब (लाल वायरचं धातूचं टोक) आतल्या भिंतीला टेकवा. प्रोब जाड आहेत, आत नीट जात नाहीत, ही या मीटरची मोठी अडचण आहे. हळूहळू करा, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना टेकू देऊ नका.

भिंतीतून चार्जरच्या ठोकळ्यापर्यंत येणारी तीन पिनची वायर पण तपासा, पण ती दोन्हीकडून पूर्ण काढून, नॉब बझरवर ठेवून, तार अखंड असेल तर आवाज येतो. ८३०डी मधे बझर असतो, तसाच दिसणारा ८३०बी असतो त्यात नसतो, म्हणून दुकानातच दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून आवाज येतो का बघून घ्या. बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचा) मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर२०३२, नवा असेल तर ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, अडीचच्या खाली आला असेल तर बदलून टाका, काही जुने लॅपटॉप तो पार उतरला की नीट सुरू होत नाहीत.

मीटरच्या मर्यादा पण स्पष्ट सांगायला हव्यात. चार्जर नुसता मोजला तर १९.५ दाखवेल आणि लॅपटॉपचा लोड आला की बसेल, हे या मीटरने नुसत्या पिनेवर कळत नाही, त्यासाठी मित्राचा तसाच चार्जर लावून बघणं उत्तम. काढलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर व्होल्टेज दिसलं नाही म्हणून बॅटरी मेली असंही नाही, कित्येक बॅटऱ्या लॅपटॉपने ओळखल्याशिवाय आउटपुट देतच नाहीत. आणि बॅटरी फुगलेली असेल तर मोजायच्या फंदात पडूच नका, चार्जिंग बंद करून ई-कचऱ्यात द्या. मीटरचा स्वतःचा ९ व्होल्टचा सेल उतरला की आकडे खऱ्यापेक्षा जास्त दिसायला लागतात, ऑटो ऑफ नाहीये त्यामुळे काम झालं की नॉब आठवणीने ऑफवर. सोबत येणाऱ्या वायरी अगदी पातळ असतात, वेगळ्या चांगल्या घेतल्या तर बरं. घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमधे हा मीटर मी घालत नाही आणि तुम्हीही घालू नका, मीटरवर ७५० व्होल्ट लिहिलेलं असलं तरी, त्या कामाला चांगल्या कंपनीचा हजार-दीड हजारांचा मीटर घ्या.

लॅपटॉपच्या कामासाठी माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो प्रोब आणि वायरींसाठी.