शिवलेली नऊवारी : काठ नंतर बघा, आधी आसन

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाली आणि पुढे ठाणे, गिरगाव करत गावोगावी पोचली. आता यात्रेत नेसलेली नऊवारी कमी आणि शिवलेली जास्त दिसते. सोय मोठी आहे यात वाद नाही, पाच मिनिटांत चढते. पण दादरला किंवा लक्ष्मी रोडला गेलं की पहिला हात जातो काठाकडे, आणि फसगत तिथेच होते. काठ कसाही असला तरी यात्रा निभते. आसन चुकलं तर भर रस्त्यात शिवण उसवते.

दोन्ही पायांच्या शिवणी आणि मागून वर जाणारा काष्टा जिथे एकत्र येतात, ती जागा म्हणजे आसन. सगळा ताण त्या एका जागी येतो. तयार मालात कापड वाचवायला नेमकं इथेच आखडतं घेतलेलं असतं. त्यामुळे आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. मांडी घालून बसा, एक पाय स्टुलावर ठेवा, पुढे वाका. बसल्यावर कमरेचा पट्टा मागून दोन बोटं खाली सरकला किंवा काष्टा रुतला, तर आसन कमी आहे. ती साडी सोडून द्या. बुलेटवर बसायचं असेल तर टांग टाकून बघितल्याशिवाय पैसे देऊच नका. नंतर उलटी करून आतली बाजू बघा : शिवणीला इंटरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेली शिलाई) हवा आणि किमान पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, हवी. सेमी सिल्कच्या दशा पटकन सुटतात. माया पाव इंच असेल तर शिंप्यालाही पुढे काही करता येत नाही.

स्वस्त मालातली दुसरी गोम कापडाच्या लांबीत असते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, सहावारी साधारण साडेपाच मीटर. हजार-दीड हजाराला मिळणारी नऊवारी बहुधा सहावारीतून बेतलेली असते. दोन पाय आणि काष्टा निघाल्यावर उरलेल्या कापडात ओचा, म्हणजे पुढे खोचलेल्या निऱ्यांचा झुपका, चिमूटभर होतो आणि पदर आखूड. मस्तानी किंवा लावणी पद्धतीत हे खपून जातं. ब्राह्मणी पद्धतीत नाही, कारण तिथे निऱ्यांचा भरघोस ओचा आणि घोट्यापर्यंतचा घोळ हीच तर शोभा. कोळी पद्धत गुडघ्याशी संपते, तेव्हा तिला सहावारी पुरून उरते. पेशवाई पद्धतीत दोन्ही पायांवरून काठ सरळ उतरायला हवा. तो पोटरीवर तिरका वळत असेल तर कापताना काठ जुळवलेला नाही, आणि कितीही इस्त्री केली तरी तो सरळ होणार नाही.

‘फ्री साइज’ या शब्दावर विश्वास ठेवू नये. इलास्टिक कमरेला सैल-घट्ट होतं, सीटला (नितंबांच्या घेराला) आणि उंचीला नाही. कमरेला पुढून सपाट पट्टा, मागे इलास्टिक आणि शिवाय नाडी, अशी रचना सगळ्यात भरवशाची. बाजूच्या चेनवर सगळा भार असलेली नको. आणि स्वच्छतागृहात पदराच्या पिना न काढता साडी खाली सरकते का, हे दुकानातच बघून घ्या. हे कोणी आपणहून सांगत नाही.

कापडाबद्दल थोडक्यात. चैत्रातल्या उन्हात दोन-तीन तास चालायचं तर कॉटन सिल्क किंवा सुती इरकल. इरकलीच्या काठावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर घामाने तोच रंग अंगाला आणि ब्लाउजला लागणार. प्लॅस्टिक जरीचा काठ गुडघ्यामागे टोचतो आणि गरम इस्त्रीखाली आक्रसतो. ‘खण नऊवारी’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक यंत्रमागावरचं. दिसायला छान, पण कडक असल्यामुळे ओचा फुगून पोट सुटल्यासारखं दिसतं.

आमचं मत विचाराल तर सरळ नऊवारी कापड घेऊन शिंप्याकडून शिवून घेतलेली उत्तम. मापं पाच द्या : कमर, सीट, मांडी, चप्पल घालून कमर ते जमीन, आणि खुर्चीवर बसून पुढच्या कमरेपासून खालून मागच्या कमरेपर्यंत. हे शेवटचं माप बरेच शिंपी घेतच नाहीत, आठवण करून द्यावी लागते. सुती कापड आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आसन आटतं. घरातली जुनी पैठणी मात्र कापू देऊ नका. न कापता, नुसते टाके घालून शिवून देणारे कारागीर आहेत. घडी जाड होते, कमरेला फुगवटा येतो, पण टाके उसवले की साडी पुन्हा अखंड.

भाड्याचा पर्याय शाळेतल्या नाचापुरता ठीक. आणताना ब्लाउजच्या काखेचा वास, हुक आणि आधीचे डाग बघा आणि डाग पावतीवर लिहून घ्या, नाहीतर अनामत अडकते.

लहान मुलींसाठी वयाचा आकडा बघू नका, कमर ते घोटा मोजा. पूर्ण इलास्टिक हवं आणि पदर खांद्याला शिवलेलाच हवा, कारण पिना टोचतात. नथ दाबाचीच घ्या, आणि आदल्या दिवशी अर्धा तास घालून बघा. दाब जास्त असेल तर मूल दहा मिनिटांत काढून टाकतं आणि नथ गर्दीत हरवते.

शिवून घ्यायची असेल तर कापड पाडव्याच्या महिनाभर आधी द्या आणि आठवडाभर आधी ट्रायल मागा. आसनात दुरुस्ती निघाली तर काष्टा उसवून पुन्हा बसवावा लागतो, आणि ते काम शेवटच्या दोन दिवसांत कोणी हातात घेत नाही.