टोपली, डबा की दारामागचे कप्पे? छोट्या घरातली कुत्र्याची खेळणी

आमच्या भांडुपच्या वन बीएचकेत हॉलची मोकळी जमीन म्हणजे दिवाण आणि टीव्हीच्या टेबलामधली सात-आठ फुटांची पट्टी. त्याच पट्टीत आमचा कुत्रा तांबू खेळतो आणि त्याच पट्टीतून सासूबाई पहाटे पूजेची फुलं आणायला दाराकडे जातात. गेल्या वर्षी मे महिन्यात अंधारात त्यांचा पाय रबरी चेंडूवर पडला. दिवाणाची कड हाताला लागली म्हणून त्या वाचल्या. त्याच दिवशी घरभरची खेळणी एका चादरीवर ओतली. सदतीस निघाली, आणि तांबू त्यांतल्या सहांशी खेळत होता.

त्यानंतर वर्षभरात आम्ही उघडी टोपली, दिवाणाखालचा झाकणाचा डबा आणि दारामागे लटकवायचे कप्पे, असं तिन्ही वापरून पाहिलं. तुम्ही यांतलं काही घ्यायच्या विचारात असाल, तर विकत घेण्याआधी छाटणी करा. सदतीस खेळण्यांना लागणारा डबा आणि पंधरांना पुरणारा डबा यांत खूप फरक असतो.

आधी काय काढायचं

सुटे धागे निघालेली दोरी सगळ्यात पहिली काढा. लांब धागा गिळला गेला आणि त्याचं एक टोक कुठे अडकलं, की आतडं त्या धाग्यावर चुण्यांसारखं गोळा होतं, आतून कापलंही जातं. अशा वेळी बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं. पोट फाटलेलं मऊ खेळणंही गेलं पाहिजे, कारण आतला कापूस आणि शिट्टी दोन्ही गिळली जातात. मागच्या दाढांपलीकडे सरकू शकेल असा चेंडू तुमच्या कुत्र्यासाठी लहान आहे, मग तो कितीही आवडता असो. चघळायचं कडक खेळणं नखाने दाबून पाहा. जराही खळगा पडत नसेल तर त्याने दाढ फुटू शकते. टेनिसच्या चेंडूवरच्या लवेत माती बसते आणि ती दातांवर घासून दात झिजवते. त्यामुळे तो फेकाफेकीपुरता ठेवा, झाली की उचलून घ्या.

उरलेल्यांतलं काय ठेवायचं हे मात्र कुत्र्यालाच ठरवू द्या. आपल्या डोळ्यांत भरणारा लाल रंग त्याला मळकट तपकिरी दिसतो. निळा आणि पिवळा त्याला नीट कळतो. सगळी खेळणी तीन दिवस मोकळी ठेवा आणि तो कुठली उचलतो ते लिहून काढा. आमच्या यादीत सगळ्यात वर एक फाटका मोजा आला. तो आम्ही ठेवला.

उघडी टोपली

टोपलीचा मोठा फायदा म्हणजे कुत्रा स्वतः जाऊन हवं ते घेतो. दिवसभर घरात एकट्या राहणाऱ्या कुत्र्यासाठी ही लहान गोष्ट नाही. थोड्या खाऊच्या आमिषाने काही कुत्रे खेळणं परत टोपलीत टाकायलाही शिकतात. तांबूला तीन आठवडे लागले.

पण वेताची टोपली मुंबईत घेऊ नका. एक तर तीच चावली जाते आणि वेताच्या काड्या हिरड्यांत घुसतात. दुसरं कारण पाऊस. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या हवेत वेत, ज्यूट आणि कापड यांच्यावर बुरशी चढते, आणि टोपलीतलं ओलसर खेळणं तळाशी कुजत राहतं. कपडे ठेवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली किंवा भाजीवाल्यांकडे असतो तसा क्रेट बरा. त्यातून हवा खेळते आणि मोरीत नेऊन तो धुताही येतो.

टोपली गॅलरीत ठेवायचा विचार असेल तर थांबा. रात्री तिथे उंदीर फिरतात, आणि उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, माणसालाही. कुत्र्यांसाठी लस आहे, पण ती या रोगाच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही. खेळणी घरातच ठेवा.

दिवाणाखालचा झाकणाचा डबा

चाकांचा, उथळ, पारदर्शक डबा. जमीन मोकळी राहते, सासूबाई निर्धास्त चालतात, आणि महत्त्वाचं म्हणजे खेळण्यांची अदलाबदल करता येते. तेच खेळणं रोज समोर असलं की कुत्र्याचा त्यातला रस संपतो. काही दिवस दिसेनासं झालेलं खेळणं परत आलं की तो नव्याने वास घेतो, नव्याने झटापट करतो. आम्ही पाच बाहेर, दहा आत ठेवतो आणि रविवारी बदलतो. वर्षभरात नवीन खेळणं जवळपास घ्यावंच लागलं नाही.

डब्याचा दोष म्हणजे कोंडलेली दमट हवा. जूनमध्ये अर्धवट सुकलेला मऊ ससा आम्ही आत टाकला आणि आठवड्याने झाकण उघडलं तेव्हा सगळ्याच खेळण्यांना कुबट वास येत होता. तेव्हापासून धुतलेलं मऊ खेळणं पंख्याखाली दोन दिवस सुकवूनच आत जातं, आणि डब्याच्या बाजूंना तापवलेल्या सुईने भोकं पाडून घेतली आहेत. अशा वेळी कपाटातल्या सवयीने डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. त्या कुत्र्यासाठी विषारी असतात, आणि खेळण्याला लागलेला अंश सरळ त्याच्या तोंडात जातो. धुताना फिनाइलही नको. गरम पाणी आणि साधा साबण पुरतो, फक्त नीट खळबळा. एखादं आवडतं खेळणं त्या दिवशी न धुता राहू द्या, म्हणजे ओळखीचा वास एकदम सगळीकडून जात नाही.

दारामागचे कप्पे

चपलांसाठी मिळतात तसे कापडी कप्पे. जागा अजिबात खात नाहीत, पण जड रबरी खेळण्यांनी शिवण उसवते, आणि खेळणं दिसल्यावर तांबू दारावर उड्या मारायला लागला. आता तिथे पट्टा, कंगवा आणि पाय पुसायचा टॉवेल असतो. त्या कामाला ते उत्तम आहेत.

तर तुम्ही काय घ्यावं?

घर लहान असेल, घरात वयस्कर माणूस किंवा रांगतं मूल असेल, तर डबा घ्या आणि त्याच्या जोडीला चार-पाच खेळणी मावतील एवढी छोटी जाळीची टोपली भिंतीला लावून ठेवा. आम्ही शेवटी इथेच थांबलो. कुत्रा सगळंच फाडणारा असेल तर टोपली नकोच. सगळं डब्यात ठेवा आणि तुम्ही समोर असाल तेव्हाच द्या. तो खेळणी फक्त तोंडात घेऊन मिरवणारा असेल आणि हॉल ऐसपैस असेल, तर एकटी टोपलीही पुरेल. घरात दोन कुत्रे असतील आणि त्यांतला एक खेळण्यावरून गुरगुरत असेल, तर उघडी टोपली भांडणाला कारण होते. दोघांची खेळणी वेगळी ठेवा, वेगवेगळ्या खोल्यांत द्या.

छाटणीत बाजूला निघालेली, पण धड असलेली रबरी खेळणी दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला चालतात. मात्र तुमच्या घरातल्या कुत्र्याला कधी पार्वो, म्हणजे कुत्र्यांना होणारा संसर्गजन्य विषाणूचा आजार, झाला असेल तर देऊ नका. तो विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. फाटकी खेळणी सुक्या कचऱ्यात टाका. बिल्डिंगखालच्या कुत्र्यांपुढे टाकू नका, तिथे कुणी कापूस गिळला तर ते कुणाच्याच लक्षात येणार नाही.