भूकंपमापक की जीपीएस? तोहोकूचा धडा

११ मार्च २०११. जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागाजवळ समुद्रात महाभूकंप झाला. जपानच्या हवामान खात्याने भूकंपमापकांच्या नोंदींवरून तीनेक मिनिटांत तीव्रता सांगितली: ७.९. प्रत्यक्षात ती होती ९.०. त्सुनामीच्या लाटांचा पहिला अंदाजही त्यामुळे कमी आला.

भूकंपमापक चुकला म्हणणं अन्यायाचं आहे. तो हादरा मोजतो, आणि तेही फार बारकाईने. कोयना परिसरातले माणसाला न जाणवणारे धक्केही तो टिपतो. तिथे जीपीएसला काहीच दिसत नाही. पण महाभूकंपात जवळची संवेदनशील यंत्रं मोजमापाच्या कमाल मर्यादेला जाऊन अडकतात. शिवाय जमीन कायमची किती सरकली, हे त्यांच्या नोंदींतून काढणं किचकट, कारण गणितात बारीक चुका साचत जातात.

जीपीएसचा प्रश्नच वेगळा: जीपीएस यंत्र बसवलेला हा खांब आधी कुठे होता, आता कुठे आहे? जपानभर असे बाराशेहून जास्त खांब उभे आहेत. ओशिका द्वीपकल्पावरचा खांब ५.३ मीटर पूर्व-आग्नेयेला सरकला आणि सुमारे १.२ मीटर खचला. जमीन कितीही सरकली तरी हे मोजमाप अडकत नाही. (मोबाइलमधला जीपीएस मात्र इथे कामाचा नाही, त्याची चूकच काही मीटरांची असते.)

पहिला इशारा द्यायला मी भूकंपमापकच निवडेन. तीव्रता आठच्या पुढे जातेय अशी शंका आली, की मात्र जीपीएसचं ऐकावं.