जुनी बॉक्स्टर घेताय? एलएन इंजिनिअरिंगच्या आयएमएस बेअरिंग किटचा रिव्ह्यू

आयएमएस म्हणजे इंजिनातला इंटरमीडिएट शाफ्ट, आणि हे किट त्याचं बेअरिंग बदलायचं. या पार्टने हॉर्सपॉवर एकानेही वाढत नाही, आवाज बदलत नाही, बाहेरून कुणाला दिसतही नाही, तरी जुन्या पोर्शला लावायच्या आफ्टरमार्केट पार्ट्समध्ये माझ्या मते पहिला नंबर याचाच. माझी गाडी २००३ ची बॉक्स्टर एस, ९८६ (पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरचा कोड), ३.२ लिटर. क्लच बदलायची वेळ आली तेव्हा सोबत एलएन इंजिनिअरिंगचं सिंगल रो प्रो आयएमएस रेट्रोफिट (जुन्याच्या जागी बसणारं नवं बेअरिंग) बसवून घेतलं, त्यानंतर गाडी हायवेला, घाटात, ट्रॅकवर सगळीकडे मनसोक्त चालवलीय. अमेरिकेत आपली बरीच मराठी मंडळी हल्ली सेकंडहँड बॉक्स्टर नाहीतर ९९६ (त्याच काळातली ९११) बघत असतात आणि आयएमएस बेअरिंगचं काय करायचं हाच प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी भानगड काय ते. या गाड्यांच्या एम९६ इंजिनात क्रँकशाफ्ट चेनने इंटरमीडिएट शाफ्ट फिरवतो, आणि त्या शाफ्टवरून पुढे दोन्ही हेड्सकडे कॅमच्या (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या शाफ्टच्या) चेन जातात. या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला पोर्शने सीलबंद बॉल बेअरिंग टाकलं, आत ग्रीस भरलेलं. वर्षं गेली की सील कडक होतं, इंजिन ऑइल आत शिरून ग्रीस धुऊन काढतं आणि मग तेच जुनं काळं ऑइल आत अडकून बसतं, म्हणजे सगळीकडे ताजं ऑइल खेळतंय आणि या बेअरिंगला मात्र ते मिळत नाही. बेअरिंग गेलं की शाफ्ट डगमगतो, टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपलं. सुरुवातीच्या गाड्यांत बॉल्सच्या दोन ओळी होत्या, २००० च्या आसपासपासून २००५ पर्यंत एकच ओळ, आणि तेच सगळ्यात नाजूक. अमेरिकेत यावर क्लास अॅक्शन (अनेक मालकांचा मिळून एकच दावा) झाली, २०१३ मध्ये तडजोड झाली, त्यात एका ओळीच्या बेअरिंगचं फेल होण्याचं प्रमाण साधारण ८ टक्के आणि दोन ओळींचं १ टक्क्याच्या आत असे आकडे पुढे आले. म्हणजे बहुतेक गाड्यांना काही होत नाही हे खरंय, पण होतं तेव्हा इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

एलएन ही इलिनॉयमधल्या मोमेन्सची कंपनी, चार्ल्स नवारो यांची, आणि यांचं मूळ काम पोर्शच्या सिलिंडरचं. निकीज नावाचे अॅल्युमिनियमचे सिलिंडर, आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेले. आयएमएस रेट्रोफिट २००८ मध्ये आलं, तेही इंजिन बिल्डर जेक रेबी यांच्याबरोबर काम करून, म्हणजे फुटलेली इंजिनं रोज उघडणाऱ्या माणसाबरोबर, आणि हा फरक पार्ट हातात घेतल्यावर जाणवतो. बेअरिंगच्या रिंगा स्टीलच्या, पण बॉल सिलिकॉन नायट्राइडचे, म्हणजे सिरॅमिक. स्टीलपेक्षा निम्म्याहून हलके, जास्त कडक, आणि ऑइलची फिल्म क्षणभर तुटली तरी स्टीलवर स्टील घासून चिकटतं तसं इथे होत नाही. बाहेरचं सील ठेवलेलंच नाही, इंजिनातलं ऑइल थेट बॉल्सपर्यंत येऊ दे म्हणून. शिवाय सिंगल रो प्रोमध्ये मूळच्या एका ओळीच्या जागेत दोन ओळींचं बेअरिंग बसवलंय. फ्लँजचं, म्हणजे बेअरिंगवरच्या झाकणाचं, मशिनिंग बघून मी खूश झालो, धार कुठे नाही, फिटिंग अगदी नेमकं.

पण मला सगळ्यात आवडलं ते किटबरोबरचं मॅन्युअल, कारण बेअरिंग कधी बसवू नये हे ते आधी सांगतं. ऑइल पॅन खोलून बघा, फिल्टर कापून पसरून बघा, कॅमचं डेव्हिएशन (टायमिंग किती सरकलंय ते) स्कॅनरने तपासा. फिल्टरमध्ये तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे निघाले तर ते बहुतेक चेनच्या गाइडचे असतात, तिकडे लक्ष द्या, पण चमकणारे आणि लोहचुंबकाला चिकटणारे कण निघाले तर थांबा, जुनं बेअरिंग आधीच फुटायला लागलंय आणि तो चुरा इंजिनभर फिरलाय, आता नवं बसवून उपयोग नाही, इंजिन उघडावं लागेल. विकणाराच आपल्या गिऱ्हाइकाला थांब म्हणतोय, हे मी फार कमी ठिकाणी बघितलंय. माझ्या मेकॅनिकने हे सगळं केलं, मग क्रँक पिन घालून टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) लॉक, कॅम लॉक, टेन्शनर काढले आणि मगच फ्लँजला हात लावला. ही पायरी कुणी वेळ वाचवायला टाळत असेल तर त्या गॅरेजमधून गाडी सरळ बाहेर काढा.

आता न आवडलेलं. टूल किट वेगळं आणि महाग, त्यामुळे घरी एकदाच करायचं असेल तर परवडत नाही. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरल्याशिवाय बेअरिंग दिसतच नाही, म्हणून मजुरी पार्टपेक्षा जड जाते. क्लचबरोबरच करा, आणि त्याच वेळी रिअर मेन सील आणि एअर ऑइल सेपरेटरही उरकून घ्या. आणि हे बेअरिंगही कायमचं नाही, सहा वर्षं किंवा ७५,००० मैलांना बदला असं कंपनीच सांगते.

कायमचं हवं असेल तर त्यांचंच आयएमएस सोल्यूशन आहे, २०१३ पासूनचं. त्यात बॉल नाहीतच, प्लेन बेअरिंग आणि त्याला फिल्टरमधून आलेलं ऑइल प्रेशरने. ९९६ टर्बो आणि जीटी३ मध्ये जे जुन्या घराण्यातलं मेट्झगर (इंजिनिअर हान्स मेट्झगर यांच्या नावाचं) इंजिन होतं त्यातली रचना अशीच, म्हणून त्यांना हा त्रास नव्हताच. इंजिनिअरिंग म्हणून मला सोल्यूशनच जास्त पटतं, पण किंमत बरीच जास्त, आणि प्लेन बेअरिंगला ऑइलमधला धातूचा कण अजिबात चालत नाही, त्यामुळे वर सांगितलेली तपासणी तिथे दुप्पट कडक हवी. गाडी दहा-पंधरा वर्षं ठेवायची असेल तर तेच घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बिनानावाची किट्स मात्र नकोच, बेअरिंग कुठलं, कुणी टेस्ट केलं, काही पत्ता नसतो.

बसवल्यावर लक्षही ठेवायला लागतं. मी मॅग्नेटिक ड्रेन प्लग लावलाय, ऑइल दर ५,००० मैलांना किंवा सहा महिन्यांनी बदलतो (कंपनीचाही सल्ला तोच, पोर्शच्या जुन्या पुस्तकातलं १५,००० मैलांचं अंतर विसरा), प्रत्येक वेळी फिल्टर कापून बघतो आणि अधूनमधून ऑइलचा नमुना लॅबला पाठवतो. लोखंडाचा आकडा आतापर्यंत स्थिर आहे. गाडी कमी आरपीएमला रांगवत नेऊ नका आणि महिनोन्महिने उभी ठेवू नका, तिला तापू द्या, पळू द्या.

आणि २००६ ते २००८ ची बघत असाल तर हे किट घ्यायला धावू नका. त्यात पोर्शने मोठं बेअरिंग टाकलंय, ते इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे क्लचच्या वेळी फ्लँज काढून फक्त बाहेरचं सील काढून टाकायचं, म्हणजे ऑइल आत जातं. २००५ च्या गाडीत दोन्हीपैकी कुठलंही असू शकतं, ते उघडल्यावरच कळतं, म्हणून पार्ट आधी मागवून ठेवू नका. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही.