जुनी डिस्क, नवं स्टिकर

पुण्यात टिळक रोडच्या आसपासच्या एका दुकानातून मी साडेचार हजारांना ‘नवी कोरी’ हार्ड डिस्क बसवून घेतली. ती आधीच ११,४०० तास चाललेली निघाली. दुकानाचं नाव देत नाही, पण युक्ती सविस्तर लिहिते. ती एकाच दुकानापुरती असेल असं मला वाटत नाही.

मी सिंहगड रोडला राहते, घरून काही सोसायट्यांचे हिशेब लिहिते. लॅपटॉप जुना, आत फिरणारी डिस्क. टॅली उघडायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली, मध्येच बारीक टक-टक ऐकू यायची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं तर पिवळा इशारा. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, त्या नोंदीला ‘स्मार्ट’ म्हणतात. रिअलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले भाग. पेंडिंग सेक्टर म्हणजे धड वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे. माझ्या डिस्कवर दोन्ही आकडे वाढत होते. अशा वेळी दुरुस्तीचं स्कॅन लावत बसू नये, मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताणही पुरतो. आधी गरजेच्या फायली बाहेर काढाव्यात. मी सगळे हिशेब बाहेरच्या डिस्कवर घेतले आणि मगच दुकानात गेले.

दुकानदार अतिशय गोड बोलणारा. पुण्यात हे एरवी कौतुकानं सांगितलं असतं. लॅपटॉप आत नेला, थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाला, “मॅडम, हार्ड पूर्ण गेलीय. डेटा हवा असेल तर लॅबला पाठवावी लागेल, नऊ हजार होतील.” आदल्या रात्री जिच्यावरून फायली उतरल्या, तीच ही डिस्क! डेटा माझ्याकडे आहे म्हटल्यावर लॅबचा विषय तिथेच मिटला. बाहेर फायली न काढता आलेल्या माणसाचे नऊ हजार मात्र नक्की गेले असते.

मग बिल. “पक्कं हवं असेल तर अठरा टक्के वर लागतील.” मी पक्कंच घेतलं. त्यावर डिस्कचा सिरीयल नंबर नव्हता, नुसतं ‘एक टीबी हार्ड डिस्क’. जुनी डिस्क मागितली तर म्हणे ती एक्स्चेंजमध्ये कंपनीला जमा करावी लागते. हे धादांत खोटं. जुनी परत द्यावी लागते ती वॉरंटीतून बदलून घेताना. माझी वॉरंटी केव्हाच संपली होती आणि नवीचे मी पूर्ण पैसे मोजले होते.

घरी येऊन तेच सॉफ्टवेअर लावलं. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, ११,४०० च्या पुढे. रोज आठ तास धरले तरी जवळपास चार वर्षांचा वापर! भाच्यानं मागचं झाकण उघडलं. स्टिकर चकचकीत, पण त्यावरचा सिरीयल नंबर वेगळा आणि सॉफ्टवेअर दाखवत होतं तो वेगळा. आतला नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, वॉरंटी संपलेली.

दुकानदाराचं उत्तर ऐका: “कंपनीत टेस्टिंगला चालवतात हो.” चार वर्षं टेस्टिंग?

तासांचा आकडा शून्य करूनही विकतात, हेही लक्षात असू द्या. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट कंपनीच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. स्मार्टमधले तास पुसलेले होते, पण ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीत खरा वापर राहून गेला होता. म्हणून नुसते तास बघू नका. पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉप चालू करायला लावा, आतला नंबर स्टिकरशी जुळवा, तोच बिलावर लिहून घ्या. खोका समोर फोडायला सांगा. जुनी डिस्क पिशवीत टाकूनच निघा, मग ती कितीही ‘गेलेली’ असो.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर दुकानदाराला दाखवला. बिल नाकारणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांत करायची असते. हे त्यालाही ठाऊक असावं. पैसे मुकाट्यानं परत आले.

जुनी डिस्क मात्र “भंगारात गेली”. म्हणजे कुठे, ते सांगत नाही. जी वाचता येते हे मला माहीत आहे, तिच्यावर सभासदांची यादी, फोन नंबर, बँकेची पत्रं, सगळं आहे. माझे सगळे पासवर्ड मी बदलले, आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींना लेखी कळवलं. एका काकांचा लगेच फोन आला, “त्यात माझं पॅन होतं का गं?” होतं.